हरी लेले यांनी पास केलेली कॉफी

हरीभाऊ लेल्यांना गेल्या चाळीस वर्षांत एकही गोष्ट पहिल्या नजरेत आवडली नव्हती, आणि याचा त्यांना पगार मिळत होता.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे भूपेशशेठच्या गाळ्यात ते कापड तपासायचे. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कोरं कापड ताग्यांनी यायचं, खालून उजेड सोडलेल्या काचेवरून सरकायचं आणि हरीभाऊ त्यात दोष शोधायचे. कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे वीण विरळ. सगळ्यात शेवटी ते ताग्याची घडी उलगडून तिच्यात तोंड घालायचे आणि हुंगायचे. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात. असं खळीचं कापड भिवंडीच्या दमट हवेत गोदामात पडून राहिलं की त्याला बुरशी धरते, आणि डोळ्यांना दिसण्याआधी ती नाकाला कळते. असं कळणारं नाक साऱ्या नाक्यावर एकच आहे, असं लोक म्हणायचे. हरीभाऊंनी त्यांना ते म्हणायला लावलं होतं. वास आला की ताग्यावर निळ्या खडूची फुली. लूमवाला समोर हात जोडून उभा असला तरी फुली. कारीगर त्यांना ‘चेकरसाब’ म्हणत आणि पाठ फिरली की आणखी काही म्हणत. ते आणखी काही काय असेल याचा हरीभाऊंना अंदाज होता आणि तो त्यांना गोड लागे.

खडू ते गाळ्यात ठेवून येत, पण फुली घरी घेऊन येत. ब्राह्मण आळीतल्या त्यांच्या तीन खोल्यांत आंबे, पंखे, भाडेकरू, डॉक्टर, आरतीची चाल, काहीही त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आत येत नसे. मुलगा वरद लग्नाचा झाला तेव्हा त्यांनी अकरा मुली फोटोवरूनच नापास केल्या होत्या. एकीची मान आखूड, एकीच्या वडिलांचं अक्षर वाईट. शेवटी वरदने आपल्या कंपनीतली मृणाली परस्पर ठरवली. तिचे वडील हिरामण यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी होती आणि त्यातलं एक भूपेशशेठने भाड्याने घेतलं होतं. हरीभाऊंनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायकोच्या कानात म्हणाले, “कापड जाड आहे. टिकेल.” माधवीताईंनी हे दोन वर्षं पोटात ठेवलं. मृणालीला ते तेव्हाच कळलं होतं, कारण हरीभाऊंची कुजबुज दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाते.

या माणसाचं नाक चार वर्षांपूर्वी गेलं.

महामारीच्या दुसऱ्या लाटेत पाच दिवस ताप आला, सहाव्या दिवशी उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. पहिले दोन महिने हरीभाऊंनी तो परत येण्याची वाट पाहिली. नंतर ती वाट पाहणं हीच लपवायची गोष्ट झाली. ताग्याच्या घडीत ते पूर्वीसारखंच तोंड घालायचे, डोळे मिटायचे, श्वास ओढायचे. आत काहीही नसायचं. रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं तसं. मग बाहेर येऊन ते लूमवाल्याचा चेहरा बघायचे, तागा हातात जड लागतो का हलका ते बघायचे आणि शंका आली की फुली मारायचे. शंका नेहमीच यायची. पूर्वी दहात एक तागा फुलीत जायचा, आता तीन जाऊ लागले. नाक्यावर बोलवा उठली की चेकरसाबचं नाक वयाबरोबर तिखट होत चाललंय. हरीभाऊंचा दबदबा वाढला. मेलेल्या नाकावर त्यांनी जिवंत नाकापेक्षा जास्त मान कमावला.

पण हे उघडं पडलं असतं तर? तर ते बासष्ट वर्षांचे, कापडाकडे नुसतं बघणारे एक गृहस्थ उरले असते, आणि नुसतं बघायला आता कॅमेऱ्याची यंत्रं आली होती. भूपेशशेठने तशा एका यंत्राचं पत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. हरीभाऊ रोज त्या काचेवर हजेरीची सही करायचे.

घरात लपवणं सोपं होतं. जेवताना काहीही पुढे आलं की नाव ठेवायचं. नाव ठेवायला वास लागत नाही. आमटीची फोडणी कच्ची, हिंग जास्त, तूप जुनं. माधवीताई कधी चिडायच्या, कधी दुसऱ्या दिवशी हिंग कमी करायच्या. त्यावर हरीभाऊ म्हणायचे, “आज हिंग घातलाच नाहीस वाटतं.”

अशा घरात कॉफी आली.

आधी ती घरात नव्हतीच असं नाही. पाहुणे आले की दुधात पूड ढवळून, वर जायफळ किसून माधवीताई जे करायच्या त्याला कॉफी म्हणत. मृणालीला मात्र मानकोलीच्या ऑफिसात बंगळुरूच्या एका साहेबामुळे खऱ्या कॉफीचा नाद लागला. ती भाजलेल्या बिया मागवू लागली, हाताने फिरवायच्या चक्कीवर दळू लागली, आणि दर महिन्याला तिच्या पार्सलातून एकेक भांडं निघू लागलं. कागद घालून वर पाणी ओतायचा चिनी मातीचा शंकू. खालून पाणी उकळून वर चढणारा मोका पॉट. दट्ट्या खाली दाबायची काचेची बरणी, तिला फ्रेंच प्रेस म्हणतात. शेवटी मद्रासकडचा दोन मजली स्टीलचा फिल्टर.

एका शुक्रवारी माधवीताईंना पोळपाट ठेवायला जागा मिळेना.

“हे बघ मृणाली,” त्या म्हणाल्या, “ओटा माझा आहे, दुकान नाहीये. यातलं एक काय ते ठेव. बाकीची माळ्यावर.”

“कुठलं ठेवू, आई?”

“मला काय विचारतेस? यांना विचार.”

आणि सगळ्यांनी सवयीने हरीभाऊंकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ज्याने घरातली बादलीसुद्धा तपासून घेतली, तो कॉफीला नाही कसा म्हणेल? हरीभाऊंनी चष्मा पुसला. “दर रविवारी एक,” ते म्हणाले, “घाईने माल बघायची माझी पद्धत नाही.”

पहिल्या रविवारी शंकू. मृणालीने कागद बसवला, आधी नुसत्या गरम पाण्याने भिजवला, पूड घातली, थोडं पाणी ओतून अर्धा मिनिट थांबली, मग बारीक धारेने गोल गोल ओतत राहिली.

“तीन मिनिटं लागतात, बाबा. घाई केली की आंबट होते.”

“लघुरुद्रालासुद्धा इतका जीव कोणी लावत नाही,” हरीभाऊ म्हणाले.

कप आला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. लालसर, पारदर्शक, तळ दिसणारा. तोंडात घेतला तेव्हा गरम पाणी जिभेवरून गेलं आणि मागे किंचित कडू उरलं, बाकी काही नाही. माधवीताई आणि वरद डोळे मोठे करून ‘वा’ म्हणत होते. कशाला वा म्हणताहेत ते हरीभाऊंना कळलं नाही, आणि जे कळत नाही त्याचा त्यांना संताप येई.

“विरळ,” त्यांनी कप खाली ठेवला. “यातून पलीकडचं दिसतंय. रिजेक्ट.”

दुसऱ्या रविवारी मोका पॉट. तो गॅसवर खरखरला, तोटीतून फेस थुंकला, फेसाचा रंग फिका पडत गेला. हरीभाऊ लांबून बघत होते. कप ओठांना लावायच्या आधीच ते म्हणाले, “करपलंय.”

मृणालीने एक घोट घेतला आणि मान डोलावली. “हो बाबा. गॅस मोठा राहिला जरा.”

हा पत्ता बरोबर पडल्यावर हरीभाऊ चार दिवस गाळ्यात शीळ घालत होते.

तिसऱ्या रविवारी काचेची बरणी. जाड दळलेली पूड, वर पाणी, चार मिनिटं, मग दट्ट्या. कपाच्या तळाशी काळा गाळ बसला. “यापेक्षा कामवारी नदीचं पाणी भरून आण,” हरीभाऊ म्हणाले, “निदान फुकट मिळेल.” चौथ्या रविवारी मद्रासी फिल्टर. तो तासभर थेंब थेंब गळत होता. माधवीताईंना त्यातली दूध घातलेली कॉफी इतकी आवडली की त्यांनी दुसरा कप घेतला. “तासभर नळ गळतोय आणि तुम्ही त्याला आरती ओवाळताय,” हरीभाऊ म्हणाले. फुली.

मृणालीने चक्की जरा जोरात ओट्यावर ठेवली.

“मग तुम्हीच सांगा बाबा, कशातून गाळायची. कागद चालत नाही, जाळी चालत नाही, भोकं चालत नाहीत.”

इथे हरीभाऊ गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण या स्वभावाच्या माणसाला कोणी मत विचारलं की त्याला आपण अमर असल्यासारखं वाटतं.

“कापडातून,” ते म्हणाले. “गाळायला जगात कापडाइतकं काही नाही. कागद म्हणजे नुसता लगदा. पत्र्याला भोकं पाडली म्हणजे गाळणं होत नाही. वीण हवी, वीण! मी आणतो. भिवंडीत बसून तुम्ही परदेशातून गाळण्या मागवता, लाज वाटत नाही?”

त्यांनी गाळ्यातल्या सगळ्यात चांगल्या ताग्याचा अर्धा मीटर कापून आणला. बारीक सूत, घट्ट वीण, एक धागा इकडचा तिकडे नाही. माधवीताईंनी त्याची निमुळती पिशवी शिवली, तोंडाला तारेची कडी ओवली.

“गरम पाण्यातून काढते एकदा,” त्या म्हणाल्या. “कडक लागतंय हाताला.”

“काही गरज नाही. पास केलेला माल आहे.”

“अहो, पण कोरं कापड आहे.”

“मी पास केलेला माल आहे!” हरीभाऊ म्हणाले. “धुवायला तो काय रस्त्यात सापडलाय?”

चाळीस वर्षं त्यांनी कापड पाहिलं ते फक्त कोरं. त्यांच्या खडूखालून गेलं की ते ट्रकमध्ये चढायचं आणि कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात जायचं. तिथे त्याला उकळतात, त्यातली खळ काढतात, मग ते माणसाच्या अंगाला लावण्याजोगं होतं. हे त्यांना माहीत होतं, पण आपल्यानंतर मालाचं काय होतं याची त्यांनी कधी पर्वा केली नव्हती. आपण पास केल्यावर त्यात काढण्यासारखं काही उरतं, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली असती.

पाचव्या रविवारी नेमके हिरामण आले. वज्रेश्वरीच्या बहिणीकडून आलेल्या वालाच्या शेंगांची पिशवी लेकीला द्यायला. पांढरा सदरा, बोटात तीन अंगठ्या. खुर्चीवर ते मांडी घालून बसले. हरीभाऊंनी त्या मांडीकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कोणी पाय खाली सोडून बसला असता. हिरामण ओट्यावरची भांडी मोजत होते.

“मृणाली, काफीचा गोदाम टाकाचा का गो? जागा हाय आपली.”

“पप्पा, गप्प बसा. आज निकाल आहे.”

“कसला निकाल?”

“बाबा ठरवणार, कुठली कॉफी घरात ठेवायची ते.”

“याही, तुमी काफीला पन खडू लावता काय वो?” हिरामण व्याह्यांकडे बघत मोठ्याने हसले. “बरा हाय. आमाला आयती प्यावाला गावली.”

मृणालीने कापडाच्या पिशवीत पूड घातली आणि पाणी ओतलं. पाणी लवकर उतरेना. पिशवी फुगली, तिच्या अंगावर बारीक बुडबुडे आले आणि खालच्या पातेल्यात एक गढूळ, जाड धार लोंबायला लागली. माधवीताईंनी पदर नाकाशी नेला. हरीभाऊंना ते दिसलं. वाफ लागली असेल, असं त्यांना वाटलं. कापडाचा दोष पाच हातांवरून हेरणारा माणूस बायकोचा पदर वाचू शकला नाही.

पहिला कप परीक्षकाला. हरीभाऊंनी घोट घेतला आणि ते थबकले.

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात काहीतरी होतं. ते नुसतं गरम नव्हतं. ते जिभेवर पसरलं, टाळूला चिकटलं, घशातून उतरताना रेंगाळलं. त्याला वजन होतं. गेली चार वर्षं भात, आंबा, औषध, सगळं एकाच पांढऱ्या चवीचं झालं होतं. आज कोणीतरी त्या रिकाम्या खोलीत येऊन बसलं. हरीभाऊंनी डोळे मिटले. अर्धा कप एका दमात प्याले, उरलेला सावकाश, आणि मिशी पुसली.

“याला म्हणतात कॉफी,” ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांच्या मनात तिळमात्र खोटं नव्हतं. “अंग आहे हिला. पास! सगळ्यांना द्या.”

वरदने घोट घेतला आणि तो मोरीकडे पळाला. माधवीताईंनी कप तोंडाशी नेऊन तसाच खाली ठेवला. “अगं बाई, खळ आहे ही सगळी!” हिरामणनी तोंडातला घोट बशीत सोडला.

“काय वो याही, यी काफी हाय का पत्रिका चिकटवाची खल? शी! वास तं बगा, वल्या पोत्यासारखा!” मग त्यांची नजर हरीभाऊंच्या रिकाम्या कपावर गेली. “आनी तुमी आख्खा प्याला पिलाव? वास न्हाय आला?”

“कसला वास?” हरीभाऊंनी विचारलं.

पातेल्यातून अजून वाफ येत होती आणि ज्यांना नाक होतं त्या सगळ्यांनी ते फिरवलं होतं. हरीभाऊ एकटेच तिच्यावर ओणवे होते. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

“म्हणजे, उंची कॉफीला सुरुवातीला जरा उग्र...” त्यांनी सुरू केलं.

“उग्र कनाचा! सडलाय तो!” हिरामण हसून हसून लाल झाले होते. “आरं देवा! भूपेशचा चेकर, नि त्याला वासच येत न्हाय? भूपेशला सांगला पायजे!”

ते जायला निघाले तेव्हा हरीभाऊ त्यांच्या मागोमाग जिन्याखाली गेले. जो खुर्चीवर मांडी घालून बसतो म्हणून त्यांना दोन वर्षं तिटकारा होता, त्याच्याच गाडीच्या दाराला हात लावून ते उभे राहिले.

“हिरामणशेठ, ही घरातली गोष्ट आहे. गाळ्यात नको.”

“गंमत वो, गंमत! कनाला मनाला लावून घेता?”

“माझ्या कामाचा प्रश्न आहे.”

“आवो, गंमत हाय ती,” हिरामण म्हणाले आणि गाडी गेली. ज्याला एखादी गोष्ट गंमत वाटते त्याच्याकडून वचन घेता येत नाही.

हरीभाऊ वर आले तेव्हा मृणाली पातेलं घासत होती.

“कधीपासून, बाबा?”

“काय कधीपासून? तुझ्या कॉफीला वास असता तर आला असता.”

“मोका पॉटला करपलं म्हणालात.”

“करपलेलं दिसतं.”

“तेच म्हणतेय. दिसलं तुम्हाला.” तिने नळ बंद केला. “मी जाड कापड आहे बाबा, मला सांगायला हरकत नाही.”

हरीभाऊंनी खिडकीकडे तोंड केलं. “चार वर्षं,” ते म्हणाले.

मागे दारात माधवीताई उभ्या होत्या. त्या रडतील असं मृणालीला क्षणभर वाटलं.

“चार वर्षं?” माधवीताई म्हणाल्या. “चार वर्षं वास येत नाही आणि चार वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवताय? हिंग जास्त! हिंग कमी! मी वाण्याकडे तीनदा हिंग बदलला, मेल्या तुमच्या नाकापायी!” त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला ताट वाढलं, पण आणखी हवं का हे विचारलं नाही.

सोमवारी हरीभाऊ गाळा उघडण्याआधीच दारात होते. हिरामणचा फोन येण्यापूर्वी आपण सांगावं, म्हणजे निदान सांगणारे आपण असू, एवढाच त्यांचा हिशेब होता. भूपेशशेठ येऊन खुर्चीत बसले तसं हरीभाऊंनी उभ्यानेच सांगितलं. चार वर्षं वास येत नाही. हुंगण्याचं मी नाटक करतो.

भूपेशशेठने चहाचा ग्लास पुढे सरकवला. “बसा हो. माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“गेल्या पावसाळ्यात कपाटामागे उंदीर मेला होता, आठवतं? तीन दिवस सगळा स्टाफ नाकाला रुमाल बांधून. आणि तुम्ही कपाटाला टेकून डबा खात होता. वर म्हणालात, भाजीत मीठ कमी आहे.” शेठ हसले. “तेव्हाच समजलो.”

“मग ठेवलंत कशाला?”

“आता काय सांगायचं? बघा, डोळ्याने दिसणारा फॉल्ट काढला की लूमवाला भांडतो, भिंग आणून दाखवतो. वासाला काय दाखवणार? चेकरसाब बोले तो बोले. फुलीचा माल मी फेकतो का? घेतोच ना. फक्त भाव खाली येतो.” त्यांनी फोन उचलता उचलता हात हलवला. “नाक कोणाला पाहिजे, हरीभाऊ? तुम्ही आपली फुली मारत रहा. बाहेर बोलू नका म्हणजे झालं.”

हरीभाऊ येऊन टेबलाशी बसले. चार वर्षं त्यांना पकडलं जाण्याची भीती होती. ते पकडले गेले होते, आणि पकडणाऱ्याने त्यांना कपाटासारखं जागच्या जागी राहू दिलं होतं. यंत्राचं ते पत्रक काचेखाली का पडून होतं, तेही आता कळलं. कॅमेरा वासाचं खोटं बोलू शकत नव्हता.

अकरा वाजता जीवनचा माल आला. जीवन म्हणजे नारपोलीत आठ लूम चालवणारा चाळिशीचा माणूस. त्याच्या मालावर या चार वर्षांत हरीभाऊंनी किती फुल्या मारल्या, याची गणती नव्हती. तो नेहमीसारखा टेबलापासून चार पावलांवर, पायांकडे बघत उभा राहिला. हरीभाऊंनी तागा काचेवरून ओढला. वीण चांगली होती. डाग नव्हता. सवयीने त्यांनी घडी उलगडली, आत तोंड घातलं आणि अर्ध्यातच बाहेर काढलं.

“जीवन, इकडे ये. हुंगून बघ.”

“मी, साहेब?”

“मला वास येत नाही. तू सांग, कुबट आहे का?”

जीवनने आतल्या केबिनकडे पाहिलं, मग हरीभाऊंकडे. हा नवा काय सापळा आहे ते तो शोधत होता. तो पुढे आला, घडीवर वाकला, उभा राहिला.

“आहे साहेब,” तो म्हणाला. “थोडासा कुबट आहे. तुम्ही म्हणाल ते बरोबर.”

पण हरीभाऊंचे डोळे शाबूत होते. वाकताना जीवनची छाती हलली नव्हती. त्याने श्वास घेतलाच नव्हता. स्वतःच्या स्वच्छ कापडाला तो कुबट म्हणत होता, कारण या टेबलापाशी तेच म्हणायचं असतं असं त्याला कोणीतरी शिकवलं होतं. हरीभाऊंना जीवनची किळस आली. माणसाने इतकं मऊ असू नये. आणि ती किळस जीवनपाशी थांबेना, ती वळून टेबलाच्या या बाजूला आली.

“श्वास घे आणि सांग,” ते म्हणाले.

जीवनने श्वास घेतला. त्याने पुन्हा केबिनकडे पाहिलं.

“नाही येत वास,” शेवटी तो पुटपुटला, गुन्हा कबूल करावा तसा.

हरीभाऊंनी ताग्यावर ‘पास’ लिहिलं. दुसऱ्यावर पास. तिसऱ्याला तेलाचा डाग होता, तो बाजूला काढला. बाकीचे आठही तागे पास. दुपारपर्यंत त्यांनी आलेल्या प्रत्येक लूमवाल्याला स्वतःच्या मालात तोंड घालायला लावलं. एकजण वास नाही म्हणून चक्क खोटं बोलला. ते हरीभाऊंना चेहऱ्यावरून कळलं आणि त्याचा तागा परत गेला. तीन वाजता भूपेशशेठ केबिनमधून बाहेर आले, टेबलावरचा खडू उचलून स्वतःच्या खिशात टाकला आणि प्रेमाने म्हणाले, “हरीभाऊ, तब्येत बरी दिसत नाही तुमची. घरी जा. गरज लागली की बोलावतो.”

नाक्यावर हरीभाऊ शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिले. रांग मोडून घुसणाऱ्या एका माणसाला त्यांनी कॉलर धरून मागे खेचलं. तेवढं अजून जमत होतं.

मग दोन आठवडे फोन आला नाही. येणार नव्हताच. नाक्यावर आता सगळ्यांना ठाऊक होतं. हिरामणनी ती गंमत निदान वीस जणांना सांगितली होती. हरीभाऊ दिवसभर गॅलरीत बसून आळीतून जाणाऱ्या माणसांच्या चालीत दोष काढत होते, पण ऐकायला कोणी नव्हतं.

रविवारी मृणालीने त्यांच्यापुढे कप ठेवला. ओट्यावर एकच भांडं होतं, दट्ट्याची काचेची बरणी. बाकीची माळ्यावर गेली होती.

“मीच ठरवलं,” ती म्हणाली.

“गाळाचं डबकं,” हरीभाऊ म्हणाले.

“कागद कॉफीचं तेल आणि बारीक पूड अडवतो, मग उरतो तो वास. आम्हाला ती छान लागते, तुम्हाला गरम पाणी. या बरणीत काही अडत नाही. तेल, गाळ, सगळं कपात. जाड लागते. तुम्हाला तेवढंच कळतं ना?” तिच्या आवाजात दया नव्हती; गोदामात कुठला माल कुठल्या रॅकवर ते सांगावं तसं ती बोलत होती. “खळीपेक्षा बरी. पिऊन बघा.”

हरीभाऊंनी घोट घेतला. खळीइतकी दाट नव्हती, पण जिभेवर काहीतरी होतं, थोडं कडू, थोडं खरखरीत.

“कशी आहे?”

तोंडाशी शब्द तयार होते. बरी भाजलेली नाही. पाणी जास्त. बिया जुन्या. कुठलाही चालला असता. समोर मृणाली कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि मागे माधवीताईंची भांड्यांची खडबड एकदम थांबली होती.

“दाट आहे,” ते म्हणाले. “बाकी मला माहीत नाही.”

“काय म्हणालात?” माधवीताईंनी ओट्यावरून विचारलं. “ऐकू नाही आलं.”

“माहीत नाही म्हटलं.”

“जरा मोठ्याने म्हणा. आमटीचंही त्यातच धरते.”

“मला माहीत नाही!” हरीभाऊ इतक्या जोरात ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली आणि कोणीतरी काय झालं म्हणून बाहेर डोकावलं.